लॅपटॉपचा टचपॅड चालेना? आधी हे बघा
लगेच रिपेअरवाल्याकडे पळू नका. कीबोर्डच्या वरच्या ओळीत टचपॅडचं चित्र असलेलं बटण असेल तर एफएन (Fn) बटण धरून ते दाबा, बऱ्याचदा चुकून तेच दाबलं गेलेलं असतं. नाहीतर विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग टचपॅड, तिथे ऑन आहे ना बघा (माऊस नसेल तर कीबोर्डवरच्या टॅब आणि ॲरो बटणांनी जाता येतं). कर्सर फक्त चार्जिंगला असतानाच उड्या मारतो? चार्जर काढून बघा, थांबला तर बहुतेक अर्थिंगची भानगड, दुसरा सॉकेट ट्राय करा. आणि हो, टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतोय, क्लिक घट्ट झालंय, तर खाली बॅटरी फुगलेली असू शकते, मग दाबत बसू नका, लॅपटॉप बंद करा, चार्जिंगला अजिबात लावू नका, सरळ दुकानात न्या.