हॉटसीटवर जायचंय? मग "माहितीये" आणि "वाटतंय" यातला फरक आधी शिका

मी चिपळूणची, एका पतसंस्थेत नोकरीला आहे, आणि काही वर्षांपूर्वी कौन बनेगा करोडपतीच्या हॉटसीटवर बसून ३ लाख २० हजार घेऊन घरी आले. हातात ६ लाख ४० हजार होते, तिथून खाली आले. आता माझा भाचा तयारी करतोय, ऑफिसातल्या दोघी विचारत असतात, शेजारच्या काकूंचा मुलगा पण विचारून गेला, सगळ्यांना तेच तेच सांगून झाल्यावर म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

पहिली गोष्ट, हा शो म्हणजे एक परीक्षा नाहीये, चार वेगवेगळ्या परीक्षा आहेत आणि प्रत्येकीला वेगळं काहीतरी लागतं. रजिस्ट्रेशनचा प्रश्न सोपा असतो, तिथे लाखो लोक बरोबर उत्तर देतात, त्यामुळे पुढे नंबर लागणं हा नशिबाचा भाग आहे, तो नाही लागला म्हणून स्वतःला कमी समजू नका. कोल्हापूरच्या कविता चावला २००० सालापासून प्रयत्न करत होत्या आणि २०२२ मध्ये त्या १ कोटी जिंकल्या, म्हणजे बघा केवढा धीर लागतो. मला स्वतःला सातव्या वर्षी फोन आला. फोनवर प्रश्न विचारतात, मग ऑडिशन, तिथे सामान्यज्ञानाची छोटी परीक्षा आणि कॅमेऱ्यासमोर गप्पा. या गप्पांना लोक हलकं घेतात. पैसे जिंकलात तर काय कराल या प्रश्नाला रांगेत माझ्या पुढे असलेल्या मुलाने गरिबांसाठी काहीतरी करेन असं सांगितलं, मागच्या बाईंनीही तेच सांगितलं. मी सांगितलं की २००५ च्या पुरात आमच्या घराची मागची भिंत गेली ती बाबांनी पत्रे लावून भागवलीये, ती मला चिऱ्यांची बांधायचीये. जे खरं आहे ते सांगा, तुमच्या घरातलं सांगा, ते दुसऱ्या कुणाकडे नसतं.

आणि हो, केबीसीच्या नावाने २५ लाखांची लॉटरी लागली असे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतात, ते सगळे फसवणुकीचे असतात. या शोची कसलीही लॉटरी नसते. प्रोसेसिंग फी भरा असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्या. आमच्या पतसंस्थेतल्या एका खातेदार आजोबांचे यात पैसे गेलेत, म्हणून कळकळीने सांगतेय.

आता फास्टेस्ट फिंगर फर्स्ट, म्हणजे हॉटसीटवर कोण बसणार ते ठरवणारी फेरी. मुंबईपर्यंत पोचलेल्यांपैकी कित्येक हुशार माणसं इथूनच परत जातात आणि घरी कुणाला नीट सांगताही येत नाही की काय झालं. माझ्या वेळी दहाजणांना एक प्रश्न असायचा, २०२१ मध्ये तीन प्रश्नांची ट्रिपल टेस्ट आली. आमच्या प्रश्नात चार पर्याय योग्य क्रमाने लावायचे होते आणि सगळ्यात कमी वेळात. इथे ज्ञान थोडं आणि बोटं जास्त लागतात, आणि त्याहून जास्त लागतं ते प्रश्न शेवटपर्यंत वाचणं. पहिल्या फेरीत मला शहरं उत्तरेकडून दक्षिणेकडे लावायची होती आणि मी सवयीने दक्षिणेकडून सुरुवात केली, कारण घरी सराव करताना मी कायम कोल्हापूर, पुणे, नाशिक, धुळे असंच खालून वर म्हणायचे. चारही शहरांच्या जागा मला माहीत होत्या, तरी उत्तर चुकलं. सरावात क्रम दोन्ही बाजूंनी म्हणा. मोबाईलवर चार बटणांचं कुठलंही ॲप घ्या किंवा कागदावर चार चौकोन काढा, घरातल्या कुणालातरी प्रश्न वाचायला लावा आणि घड्याळ लावून बोटं चालवा. माझी ताई रोज रात्री भांडी झाली की वीस प्रश्न घ्यायची. दुसऱ्या फेरीत मी लागले ते त्या वीस प्रश्नांमुळेच.

मराठी माणसासाठी एक वेगळी सूचना, कारण ही मला कुणी दिली नव्हती. प्रश्न हिंदीत येतात आणि आपल्याला वाटतं हिंदी काय, येतंच. पण उपन्यास म्हणजे कादंबरी, शिक्षा म्हणजे शिक्षण, संधि म्हणजे तह, आणि हे शब्द कानावर पडले की डोकं आधी मराठी अर्थाकडे धावतं. आकडे तर विचारूच नका, उनसठ की उनहत्तर यात मी दोन सेकंद घालवली आहेत. पहिल्या पाच प्रश्नांना ४५ सेकंद आणि पुढच्या पाचांना ६० सेकंद होती, ती ऐकताना भरपूर वाटतात पण समोर अमिताभ बच्चन बसलेले असताना पहिली दहा सेकंद नुसती श्वास घेण्यातच जातात. महिनाभर हिंदी पेपर वाचा आणि एक ते शंभर हिंदीत पाठ करा, लाज वाटून घेऊ नका. मला नव्यापासून ऑडिशन द्यायची असती तर मी यापासूनच सुरुवात केली असती.

आता शिडी, म्हणजे कुठल्या प्रश्नाला किती रक्कम. माझ्या वेळी पाचव्या प्रश्नाला १० हजार हा पहिला पडाव (तो पार केला की पुढे चुकलात तरी तेवढी रक्कम हातात राहते) आणि दहाव्याला ३ लाख २० हजार हा दुसरा, त्यानंतर ६ लाख ४० हजार, १२ लाख ५० हजार, २५ लाख, ५० लाख, १ कोटी आणि शेवटी ७ कोटी. पुढे २०२२ मध्ये ७५ लाखांचा अजून एक पडाव आला, रकमा दर काही वर्षांनी बदलतात, लाईफलाईनही बदलतात (माझ्या वेळी ऑडियन्स पोल, फिफ्टी फिफ्टी, व्हिडिओ कॉल आणि सोबत आणलेल्या जोडीदाराची मदत होती), त्यामुळे चालू सीझनची शिडी कागदावर काढून भिंतीला चिकटवा. आणि तिच्याकडे नीट बघा. सहाव्या आणि अकराव्या प्रश्नाला चुकलात तरी एक रुपया जात नाही, कारण तुम्ही नुकतेच पडावावर आलेले असता. उलट माझ्या वेळच्या शिडीत पहिल्या अकरांत दहावा प्रश्न सगळ्यात वाईट, तिथे १ लाख ६० हजारांवरून थेट १० हजारांवर येता. म्हणजे लाईफलाईन राखून ठेवायची ती दहाव्यासाठी आणि बाराव्यापासून पुढे. मी काय केलं, दहाव्याला फिफ्टी फिफ्टी वापरली ते बरोबर होतं, पण अकराव्याला उत्तर जवळजवळ पक्कं असताना भीतीपोटी व्हिडिओ कॉल लावला. जिथे काही जाणारच नव्हतं तिथे शेवटची लाईफलाईन गेली. बाकी ऑडियन्स पोल सिनेमा, क्रिकेट, खाणंपिणं यांच्यासाठी सोन्यासारखा आहे, पण अवघड इतिहासाला त्याचा भरवसा नको. आणि कॉलसाठी माणूस निवडताना सगळ्यात हुशार माणूस निवडू नका, जो मला नक्की माहीत नाही असं स्वच्छ सांगू शकतो तो निवडा. वेळ ३० सेकंद असतो आणि प्रश्न न् चार पर्याय वाचण्यातच त्यातला निम्मा जातो, त्यामुळे घरी स्टॉपवॉच लावून वाचायचा सराव करा, पर्याय आधी वाचायचे की प्रश्न हेही ठरवा.

आता बारावा प्रश्न. १२ लाख ५० हजारांसाठी. भारतरत्न पां. वा. काणे यांना हा सन्मान कोणत्या वर्षी मिळाला, पर्याय १९५५, १९५८, १९६१, १९६३. मला आतून एकदम उकळी फुटली, कारण काण्यांचा जन्म आमच्या चिपळूणजवळचाच, कोकणातले भारतरत्न हे तर आम्ही शाळेपासून ऐकत आलोय. आणि १९५८ हा आकडा डोळ्यासमोर असा लख्ख आला की जणू कुणीतरी पाटीवर लिहून दिलाय. कोकण, भारतरत्न, १९५८. मी लगेच बोलले नाही, तरी मनात दुसरा विचार आलाच नाही. लॉक केलं. उत्तर होतं १९६३. १९५८ हे महर्षी कर्व्यांचं वर्ष, धोंडो केशव कर्वे, दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. तेही कोकणातले, तेही भारतरत्न, आणि दोन माणसांचं एकच गाठोडं माझ्या डोक्यात कधीतरी बांधलं गेलं होतं. सगळ्यात जास्त लागलं ते हे की हे मी तिथे बसून सोडवू शकले असते. कर्व्यांचा जन्म १८५८ चा, त्यांना त्यांच्या शंभरीच्या वर्षी भारतरत्न मिळालं, हे मला पक्कं माहीत होतं. ते नुसतं आठवलं असतं तर १९५८ काण्यांचं नाही हे तिथल्या तिथे कळलं असतं. पण आकडा इतका ओळखीचा वाटला की त्याला तू कुणाचा असं विचारायचं सुचलंच नाही.

घरी आल्यावर भावोजींनी गणित मांडून दाखवलं, ते गणिताचे शिक्षक आहेत. तिथे चुकले तर ३ लाख २० हजार जाणार आणि बरोबर आलं तर ६ लाख १० हजार वाढणार, म्हणजे उत्तराची खात्री ३५ टक्क्यांच्या वर असेल तर खेळणं चुकीचं नाही. पुढे जाल तशी ही खात्री वाढायला लागते, ५० लाखांवरून १ कोटीला जाताना जवळजवळ ५० टक्के हवी. हिशोबाने मी बरोबर खेळले असं ते म्हणाले, आणि मला बरं वाटलं नाही, कारण माझी खात्री ९० टक्के होती आणि ती खोटी होती. गणित तेव्हाच उपयोगी पडतं जेव्हा तुमचे टक्के खरे असतात. शिवाय प्रत्येकाचं ३ लाख २० हजार सारखं नसतं, कुणाच्या घरी त्यात कर्ज फिटतं, आमच्याकडे भिंत उभी राहते. किती रकमेला थांबायचं हे घरच्यांसोबत बसून आधी ठरवा आणि कागदावर लिहा, खुर्चीत बसल्यावर ते ठरवता येत नाही.

टक्के खरे करायचा एक उपाय मला नंतर सापडला आणि तोच आता भाच्याकडून करून घेतेय. सराव करताना प्रत्येक उत्तरासमोर एक अक्षर लिहायचं. न म्हणजे नक्की, व म्हणजे वाटतंय, अ म्हणजे अंदाज. उत्तर तपासायच्या आधी लिहायचं, मागाहून नाही. दोन महिन्यांनी मोजलं तर माझे न जवळजवळ सगळे बरोबर, अ चौथाई बरोबर, आणि व निम्मेच्या निम्मे चुकलेले. ते व लिहिताना मात्र माझा चेहरा न वाला असायचा असं ताई म्हणते. व कुठून येतो तेही कळायला लागलं, एका जागेच्या दोन माणसांमध्ये, एका वर्षाच्या दोन घटनांमध्ये, पहिला आणि पहिला मरणोत्तर अशा जोड्यांमध्ये. आता आम्ही एकेकटी गोष्ट पाठच करत नाही, जोडीने करतो. कर्वे १९५८, काणे १९६३, विनोबा १९८३, आंबेडकर १९९०. आणि प्रत्येकाला एक खुंटी, कर्व्यांची शंभरी, काण्यांच्या वर्षी झाकीर हुसेनही. खुंटी असली की आकडा घसरत नाही.

पुस्तकं किती वाचायची असं सगळे विचारतात. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत खिचडी शिजवायच्या आणि २०१९ मध्ये त्या १ कोटी जिंकल्या. हर्षवर्धन नवाथे २००० साली पहिले करोडपती झाले तेव्हा ते यूपीएससीची तयारी करत होते. दोघांचा रस्ता किती वेगळा, त्यामुळे अमुकच पुस्तक असं मी सांगणार नाही. रोजचा पेपर, शाळेची पाचवी ते दहावीची पुस्तकं आणि वर सांगितलेली वही, एवढं मनापासून करा.

पैशाचं आधीच समजून घ्या. बक्षिसाच्या रकमेवर सरसकट ३० टक्के टॅक्स असतो, कुठलीही सूट लागत नाही, तुमचं उत्पन्न कमी असलं तरी नाही. ३ लाख २० हजारांवर ९६ हजार आधीच कापले जातात, हातात २ लाख २४ हजार, आणि रिटर्न भरताना टॅक्सवर ४ टक्के सेसचे अजून ३ हजार ८४० भरावे लागतात. मोठ्या रकमेवर सरचार्ज वेगळा, १ कोटीवर सगळं मिळून ३४ लाखांच्या वर जातात. आमच्या नातेवाईकांना हे पटतच नव्हतं, त्यांना वाटत होतं मी लपवतेय. माणसं मागायला येतात, काही खरी गरजू, काही नाही. बिहारमधल्या मोतिहारीचे सुशील कुमार २०११ मध्ये ५ कोटी जिंकले, त्यांनी २०२० मध्ये स्वतःच फेसबुकवर लिहिलं की जिंकल्यानंतरचा काळ त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट काळ ठरला, लोकांनी फसवलं. ते मी भाच्याला वाचायला लावलं, शिडी भिंतीला चिकटवायच्या आधी.

भिंत मात्र झाली. मागच्या बाजूची, चिऱ्यांची, २ लाखांच्या आत. भाचा संध्याकाळी तिच्याच कट्ट्यावर वही घेऊन बसतो आणि ताई भांडी आवरून येते तोवर अक्षरं मोजत असतो, कालच्या वीसात न अकरा होते, व सहा. सहांपैकी तीन चुकले. मागच्या महिन्यात आठ व होते.