बाप झाल्यावर मन खचत असेल तर: कधी तपासायचं, कुठे जायचं, काय सांगायचं

बाळंतपणानंतर आईच्या मनाची चौकशी आता निदान काही घरांत होते. बापाला मात्र ‘पेढे कधी?’ यापलीकडे कुणी काही विचारत नाही. २०१० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ४३ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. गरोदरपणापासून बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंतच्या काळात सुमारे १० टक्के बापांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली, आणि सर्वांत जास्त प्रमाण होतं बाळ ३ ते ६ महिन्यांचं असताना. यातले बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य देशांतले आहेत. तरी हा ३ ते ६ महिन्यांचा काळ आपल्याकडच्या बापांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असं आम्हाला वाटतं, कारण आपल्याकडे बापाची खरी परीक्षा तिथेच सुरू होते.

पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. बाप शनिवार-रविवारी जाऊन येतो, बाळाला दोन तास मांडीवर घेतो, रविवारी रात्री परततो. तिसऱ्या महिन्याच्या आसपास बाळ-बाळंतीण घरी येतात. सोबत आलेली सासू आठ-पंधरा दिवसांत परत जाते. रजा तोवर संपलेली असते, दवाखान्याची बिलं आणि घराचा हप्ता डोक्यावर असतो आणि रात्रीची जागरणं पहिल्यांदाच त्याच्या वाट्याला येतात. म्हणून तयारी जन्माच्या तारखेची जितकी करता, तितकीच या घरी येण्याच्या आठवड्याची करा.

रजेपासून सुरुवात करा. दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असलेल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि ती प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते. बाळंतपण माहेरी असेल तर जन्माच्या वेळी किरकोळ रजेवर भागवा आणि हे १५ दिवस बाळ घरी येईल त्या आठवड्यासाठी राखून ठेवा. खासगी नोकरीत अशी रजा देण्याची कायद्याने सक्ती नाही. कंपनीचा नियम काय आहे ते सातव्या महिन्यातच ईमेलवर विचारून घ्या. तोंडी ‘बघू’ ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

ओळखायचं कसं

पुरुषाचं नैराश्य बऱ्याचदा रडण्यातून दिसत नाही, चिडण्यातून दिसतं. बाळ रडायला लागलं की तळपायाची आग मस्तकात जाणं, काम नसताना ऑफिसात रेंगाळणं, गाडी पार्क करून अर्धा तास आत मोबाइल बघत बसणं, ‘एकच’ म्हणत रोज पिणं, पाठ-डोकं-पोट यांच्या तक्रारी घेऊन फॅमिली डॉक्टरकडे फेऱ्या मारणं, बाळाला घेताना काहीच न वाटणं आणि त्याचीच लाज वाटणं. यातलं एखादं चार दिवस असेल तर तो थकवा. दोन आठवडे जवळजवळ रोज असेल आणि कामावर, घरात त्याचा परिणाम दिसत असेल तर तपासणी हवी.

तपासणीची आठवण राहत नाही, म्हणून ती बाळाच्या लसीला बांधून टाका. सरकारी वेळापत्रकात ६, १०, १४ आठवडे आणि ९ महिने असे डोस असतात. त्यातले ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने धरा, मध्ये उष्टावणाच्या सुमारास एकदा. चारही वेळा आईबाप दोघांनी प्रश्नावली भरायची. बाळ माहेरी असेल तर तिने तिकडे, तुम्ही इकडे, त्याच दिवशी. आईला नैराश्य असेल तर बापालाही ते असण्याची शक्यता वाढते, त्यामुळे एकट्याची तपासणी अर्धवट राहते.

बापाने पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली भरावी. मराठीत उपलब्ध आहे, फुकट आहे, पाच मिनिटं लागतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात आणि प्रत्येकाला ० (अजिबात नाही) ते ३ (जवळजवळ रोज) गुण असतात. एकूण २७ पैकी ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ च्या पुढे तीव्रतेकडे. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवायचं. इथे एक घोळ होतो. झोप, थकवा, भूक, एकाग्रता हे प्रश्न लहान बाळ असलेल्या कुठल्याही माणसाचे गुण वाढवतात. म्हणून पहिले दोन प्रश्न वेगळे बघा: कशातच रस न वाटणं आणि मन उदास असणं. या दोनांची बेरीज ३ किंवा जास्त असेल तर एकूण गुण ८ असले तरी थांबू नका. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बाकीची बेरीज बघायची गरज नाही, त्याच दिवशी १४४१६ वर फोन करायचा.

नको ते विचार मनात येणं हा वेगळा विषय आहे आणि लाजेपोटी तो कुणी बोलत नाही. जिन्यावरून उतरताना ‘बाळ हातातून पडलं तर?’ असं चित्र डोळ्यांपुढे येतं, बापाच्या अंगावर काटा येतो आणि तो बाळाला घेणंच टाळू लागतो. असे विचार बऱ्याच नव्या आईबापांना येतात. ज्याला त्यांची भीती वाटते, त्याला तसं करायचं नसतं. मात्र ते दिवसभर पिच्छा सोडत नसतील तर डॉक्टरांना जसेच्या तसे सांगा, त्यावर उपचार आहेत. आवाज ऐकू येणं, बाळात काही वाईट शक्ती आहे अशी खात्री वाटणं ही गोष्ट निराळी. ती तातडीची समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं आणि तोवर बाळाजवळ त्या माणसाला एकटं ठेवायचं नाही.

घरात आधी काय बदलायचं

झोप. बाकीचे सगळे उपाय तिच्यानंतर. दोघांनी रात्रभर अर्धंमुर्धं जागण्यापेक्षा रात्र वाटून घ्या: १० ते ३ एकाची पाळी, ३ ते ७ दुसऱ्याची. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत झोपायचं, मोबाइल बाहेर. चार-साडेचार तासांची सलग झोप हे किमान ध्येय धरा. बाळ अंगावर पीत असेल तरी बापाच्या पाळीत लंगोट बदलणं, पाजून झाल्यावर ढेकर काढणं आणि झोपवणं ही कामं त्याची, म्हणजे आईला पाजण्यापुरतंच उठावं लागतं. दूध काढून ठेवणार असाल तर ते २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. आपल्या उन्हाळ्यात तेवढा भरवसा ठेवू नका, काढल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवा. तिथे ते चार दिवस चालतं. वन आरकेत दुसरी खोली नसेल तर आठवड्यातून दोन रात्री शेजारी किंवा भावाकडे झोपायला जाण्यात काही गैर नाही, फक्त दोघांच्याही वाट्याला अशा दोन रात्री यायला हव्यात.

बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास टिपेला पोचतं आणि पुढे उतरत जातं. रडणं ऐकून हात शिवशिवू लागले तर बाळाला पाळण्यात पाठीवर निजवा, खोलीबाहेर जा, पाच-दहा मिनिटांनी परत या. पाळण्यात रडल्याने बाळाला काही होत नाही. रागाने गदागदा हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

रात्री झोप लागावी म्हणून दारू घेऊ नका. तिने डोळा लवकर लागतो, पण पहाटे तीनला झोप मोडते आणि दुसरा दिवस अधिक उदास जातो. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी आणणं त्याहून वाईट. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय काही आठवड्यांतच लागते, आणि गोळी घेऊन बाळाशेजारी झोपणं धोक्याचं आहे.

फोन कुठे, दवाखाना कुठला

पहिला फोन टेली-मानसला: १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात किंवा जवळच्या केंद्राचा पत्ता देतात. फोनवर काय बोलायचं हे न सुचल्यानेच बरेच जण फोन ठेवून देतात. म्हणून हे वाक्य कागदावर लिहून घ्या: ‘मला चार महिन्यांचं बाळ आहे. तीन आठवड्यांपासून झोप लागत नाही, सारखी चिडचिड होते, बाळाजवळ जावंसं वाटत नाही. मला जवळचा डॉक्टर सांगा.’ एवढं पुरतं.

सरकारी दवाखान्यात जायचं तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपर काढताना ‘मानसोपचार’ असं स्पष्ट सांगा. ‘अशक्तपणा’ म्हटलंत तर जनरल ओपीडीत पाठवतील आणि बी-कॉम्प्लेक्स घेऊन घरी याल. पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात दाखवलं म्हणजे भरती व्हावंच लागतं असं नाही.

खासगीत जाताना फरक ध्यानात घ्या. मानसोपचारतज्ज्ञ हा एमडी किंवा डीपीएम झालेला डॉक्टर असतो, तो औषध देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतो आणि त्याच्याकडे आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी असायला हवी. क्रमांक विचारायला संकोच नको. सौम्य त्रासाला समुपदेशन पुरू शकतं. मध्यम आणि तीव्र त्रासाला बहुधा दोन्ही लागतं. तीन-चार भेटींनंतरही आपलं बोलणं पोचत नाही असं वाटलं तर समुपदेशक बदला. उपचार मात्र सोडू नका. आरोग्य विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण देणं विमा कंपनीवर बंधनकारक आहे.

पहिल्या भेटीला चार गोष्टी लिहून न्या: त्रास कधीपासून, झोपेचे तास, दारू-तंबाखू किती (खरा आकडा), घरात कुणाला मानसिक आजार होता का. यात आणखी एक जोडा. कधी काळी दोन-दोन दिवस झोप नसूनही अंगात प्रचंड उत्साह, पैशांची उधळण, बोलणं थांबत नाही असं झालं होतं का? झालं असेल तर ते सांगितलंच पाहिजे, कारण अशा माणसाला फक्त नैराश्याचं औषध दिलं तर उलटा झटका येऊ शकतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ च्या रक्ततपासण्याही विचारून घ्या, विशेषतः शाकाहारी असाल तर.

औषध सुरू झालं की पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकं जड होणं असं जाणवू शकतं. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी जाणवतो, फायदा मागून येतो, आणि नेमकं इथेच बरेच जण औषध टाकून देतात. काही पुरुषांत लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी होते. ते डॉक्टरांना सांगितलं तर औषध बदलता येतं, न सांगता गोळ्या बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता येते. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात.

मित्र असाल तर

‘कसा आहेस?’ला ‘मजेत’ हेच उत्तर मिळणार. समोरासमोर बसवून विचारू नका, चालता चालता किंवा गाडीवर मागे बसून विचारा: ‘अरे, रात्री सलग किती झोपतोस? शेवटचं पोटभर कधी झोपलास?’ मग पुढचं: ‘गुरुवारी ओपीडी असते, मी गाडी घेऊन नऊला येतो.’ ‘काही लागलं तर सांग’ म्हटल्यावर सहसा कुणी काही सांगत नाही. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या आणि शेतावरचं फवारणीचं औषध दुसऱ्याच्या ताब्यात द्या, १४४१६ वर फोन लावा, धोका समोर दिसत असेल तर ११२. भाऊ किंवा मित्र परदेशात असेल तर त्याला तिथले क्रमांक पाठवा: अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३.

एकदा हा त्रास होऊन गेला असेल तर दुसऱ्या बाळाच्या वेळी पुन्हा होण्याची शक्यता असते. सातव्या महिन्यातच जुन्या डॉक्टरांना एकदा भेटा, आधी लागू पडलेल्या औषधाचं नाव फाइलला लावून ठेवा, आणि बाळ घरी आल्यावर पहिले दोन महिने रात्री मदतीला कोण राहणार हे नावानिशी ठरवा.