सॉकेट जुळला, तरी प्रोसेसर चालेलच असं नाही

‘सॉकेट ११५१ आहे ना? मग बसेल!’ पीसीत नवा प्रोसेसर टाकायचा म्हटलं की दुकानात हमखास ऐकू येणारं हे वाक्य खोटं नाही. सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, ११५१ हा तिचा प्रकार. प्रोसेसर बसतो. तो चालेल की नाही, हा प्रश्न वेगळा.

एच११० चा मदरबोर्ड घ्या; एच११० हे त्यावरच्या चिपसेटचं, म्हणजे प्रोसेसर आणि बाकीचे भाग जोडणाऱ्या चिपचं नाव. त्यावर इंटेलचे सहाव्या आणि सातव्या पिढीचे प्रोसेसर चालतात. आठव्या पिढीचा आय५-८४०० सुद्धा ‘११५१’च, त्याच मापाचा. पण २०१७ मध्ये इंटेलने वीजपुरवठ्याच्या पिनांची मांडणी बदलली आणि त्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट सक्तीचा केला. जुन्या बोर्डावर आय५-८४०० लावला की पंखे फिरतात, स्क्रीन मात्र काळीच. म्हणून सॉकेटचा आकडा पाहून थांबू नका. विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘बेसबोर्ड’समोर मॉडेल दिसतं, खुद्द बोर्डावर रिव्हिजनही, म्हणजे त्या मॉडेलची आवृत्तीही छापलेली असते. दोन्ही घेऊन बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरची ‘सीपीयू सपोर्ट’ यादी उघडा. विकणारा काहीही म्हणो, यादीत नाव नसेल तर पैसे देऊ नका.

यादीत नावासमोर बायोसची, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बोर्डातल्याच सॉफ्टवेअरची आवृत्तीही असते, आणि तिकडे फारसं कुणी बघत नाही. एच११० वर सातव्या पिढीचा आय७-७७०० चालतो, पण जुन्या बायोसवर नाही. बायोस अपडेट जुना प्रोसेसर काढण्याआधी करायचं, तेही यूपीएसवर; मध्येच लाइट गेली तर बोर्डच बाद व्हायचा. ब्रँडेड पीसीत तर बायोस त्या कंपनीचंच चालतं, त्यामुळे यादी आणखी आखूड असू शकते.

एवढं करूनही डिस्प्ले येत नसेल, तर आधी जुना प्रोसेसर परत लावून पाहा. त्यावर पीसी चालू झाला तर बोर्ड ठीक आहे. सॉकेटमधली पिन वाकली आहे का, प्रोसेसरची ४ किंवा ८ पिनी पॉवर केबल नीट बसली आहे का, तेही बघा. काही प्रोसेसरमध्ये, उदाहरणार्थ एएमडी कंपनीच्या रायझन ५ ५६०० मध्ये, ग्राफिक्सच, म्हणजे स्क्रीनवर चित्र पाठवणारा भागच नसतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर बोर्डाच्या एचडीएमआयला काही येणार नाही.

आणि हा खटाटोप विंडोज ११ साठी असेल, तर थांबा. आय७-७७०० टाकूनही विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत तुम्ही बसत नाही. इंटेलमध्ये ती यादी, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. तिथे बोर्डासकट बदलणंच परवडतं.