कांदळाच्या सालीचा अर्क ‘मधुमेहविरोधी’ निघाला, तर जरा थांबा

कोकणातल्या कॉलेजात एमएस्सीचा प्रोजेक्ट वनस्पतींवर घ्यायचा म्हटला की कोकम, कांदळ, तिवर, काजू ही नावं ठरलेली. झाडं दारातच आहेत, तेव्हा जरूर घ्या. अर्क काढणं, ९६ खणांची प्लेट भरणं, आयसी-५० (क्रिया निम्मी रोखणारी मात्रा) काढणं हे तुम्हाला येतं असं धरून चालते. मला एवढंच सांगायचं आहे की अर्कात क्रिया दिसली म्हणजे औषध सापडलं असं होत नाही. मधली वाट लांब आहे आणि तिच्या तोंडाशीच टॅनिन हे झाडातलं तुरट द्रव्य बसलेलं असतं.

मी तिथेच अडकले होते. कांदळाच्या सालीच्या मिथेनॉल अर्काने अल्फा-ग्लुकोसायडेज हे साखर सुटी करणारं एन्झाइम जवळजवळ पूर्ण बंद पाडलं, तेही अकार्बोज या मधुमेहाच्या औषधापेक्षा कितीतरी कमी मात्रेत. पुढे तोच अर्क ट्रिप्सिन या प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमवर टाकला तर तेही बंद. ट्रिप्सिनचा साखरेशी काय संबंध? मग परीक्षानळीत एन्झाइमच्या नितळ द्रावणात अर्काचे थेंब सोडून नुसतं बघत बसले. द्रावण आधी धुरकट झालं, मग बारीक तपकिरी कण दिसू लागले आणि हळूहळू तळाला बसले. एन्झाइमच साक्यासारखं खाली जात होतं.

कांदळाची साल चामडं कमवायला वापरत आले आहेत. सालीतलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरतं, म्हणून चामडं कुजत नाही. एन्झाइमही प्रथिनच, त्यामुळे टॅनिन त्यालाही धरतं, मग ते मधुमेहाचं असो की आणखी कशाचं. अकार्बोजशी केलेली तुलनाही फसवी असते. आपण सहसा यीस्टचं ग्लुकोसायडेज विकत घेतो आणि अकार्बोज त्यावर मुळातच फार कमी चालतं. त्याचा खरा जोर सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या एन्झाइमवर आहे. यीस्टवर अकार्बोजला हरवणं अजिबात अवघड नाही. उंदराच्या आतड्याच्या पावडरीतलं एन्झाइम वापरा, मग तुलना करा.

तपासायचं कसं? तोच प्रयोग बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन हे गाईच्या रक्तातलं प्रथिन घालून पुन्हा करा. अवरोध (एन्झाइम बंद पडणं) गायब झाला तर अर्क दिसेल त्या प्रथिनाला चिकटतो आहे. ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घालून एकदा बघा. संयुगाचे पुंजके एन्झाइमला गिळत असतील तर ते इथे कळतं. पीव्हीपीपी या टॅनिन धरून ठेवणाऱ्या पावडरीने टॅनिन काढून उरलेला भाग तपासा. त्यात टॅनिनच्या जातीची इतर पॉलिफिनॉलही जातात, म्हणून आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. संबंध नसलेलं एक एन्झाइम सोबत हवंच. आणि एन्झाइमशिवाय नुसत्या अर्काचा खण भरा, त्याला पर्याय नाही. कोकमाचा रंग रीडिंगमध्ये मिसळतो. अमायलेज या पिष्ट तोडणाऱ्या एन्झाइमला डीएनएसए हा साखर मोजणारा अभिकर्मक वापरत असाल तर अर्कातली साखर आणि पॉलिफिनॉल स्वतःच तो तपकिरी करतात. एमटीटी या जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या चाचणीतही तेच: पेशी नसलेल्या खणात अर्क एकटाच जांभळा रंग आणू शकतो आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसतात.

हे सगळं करून अवरोध निम्म्यावर आला तर रडू नका. उरलेला आकडा खरा आहे, त्यावर काम उभं राहतं. अर्कासाठी १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली आणि शुद्ध संयुगासाठी २५ मायक्रोमोलरच्या खाली आयसी-५० असेल तरच पुढे जाण्यात अर्थ, हा निकष या क्षेत्रात बरेच जण मानतात. मिलिग्रॅममध्ये मिळालेल्या क्रियेवर पेपर लिहू नका, कितीही मोह झाला तरी.

अर्क जीसी-एमएस या घटक ओळखणाऱ्या यंत्राला द्यायचा, लायब्ररीने जुळवलेली नावं यादीत टाकायची, त्यातलं एक डॉकिंगला (संयुग प्रथिनात कसं बसेल हे संगणकावर बघायला) लावायचं आणि ‘संभाव्य औषध’ म्हणायचं, ही पळवाट मला मनापासून नावडते. जीसी-एमएसला बाष्प होणारंच दिसतं. टॅनिन त्यात येतच नाही. ज्याने काम केलं तेच यादीत नाही! डॉकिंग शिकवणाऱ्या गाईडपेक्षा कच्चे आकडे मागून घेणारा गाईड शोधा. तो रागावेल, पण वाचवेल.

बुरशीवर काम करणाऱ्यांचं दुखणं वेगळं. कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी संयुग वॉल आणि वानी या रसायनशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून जाहीर केलं, १९७२ मध्ये ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात सापडलं आणि २००५ मध्ये नरक्याच्या आत राहणाऱ्या बुरशीतही. वाचून अंगात उत्साह येतो. पण अशा बुरशा वारंवार नव्या प्लेटवर घेतल्या की संयुग बनवणं कमी करतात, कधी थांबवतातच. पहिल्या शुद्ध कल्चरचाच ग्लिसरॉल घालून साठा करा आणि गोठवून ठेवा.

पाला पावसाळ्यात वाळवू नका. आपल्या दमट हवेत त्यावर बुरी धरते आणि तिची संयुगं तुमच्या अर्कात येतात. तिवराचं पान आधी नीट धुवा, त्यावरचं मीठ अर्काचं वजन फुगवतं. कांदळवनाला हात लावण्याआधी वनखात्याची परवानगी काढा. नमुना दाबून, वाळवून पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रातून ओळख पक्की करून घ्या. बुरशीसाठी आघारकर संशोधन संस्थेतला राष्ट्रीय बुरशीसंग्रह आहे. ही कामं पहिल्या सत्रातच उरका, कारण अर्क संपल्यावर त्याच झाडापाशी परत जावं लागतं.