मेलेला उंदीर उचलण्याआधी

घरात मेलेला उंदीर दिसला की माणूस घाईला येतो. कुणी शेपटीला धरून खिडकीतून भिरकावतं, कुणी केरसुणीने सुपलीत ओढतं, कुणी संडासात टाकून पाणी सोडतं. तिन्ही प्रकार वाईट. ही घाई टाळायची तर पाऊस सुरू होण्याआधीच एक जुनी प्लास्टिकची बादली या कामासाठी बाजूला काढा. तिच्यात न फाटलेले रबरी हातमोजे, एक-दोन मास्क, जुनी वर्तमानपत्रं, जाड पिशव्या, सुतळी, लाल मार्कर, फवाऱ्याची बाटली आणि फेकून देता येतील अशी फडकी ठेवा. हे हातमोजे पुन्हा भांड्यांना वापरायचे नाहीत, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

ब्लीच मात्र आयत्या वेळी पाण्यात मिसळा, कारण मिसळलेलं द्रावण काही दिवसांत निकामी होतं. दुकानात मिळणारं पातळ ब्लीच असेल तर त्याच्या एका भागाला नऊ भाग पाणी. ग्रामपंचायतीत मिळते ती टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर असेल तर लिटरभर पाण्याला साधारण १५ ग्रॅम, म्हणजे एक मोठा सपाट चमचा. लाकडी काडीने ढवळा, गाळ बसू द्या आणि वरचं पाणी फवाऱ्यात घ्या. यात ॲसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

कामाला हात घालण्याआधी मुलांना आणि मांजर-कुत्र्याला दुसऱ्या खोलीत पाठवा, खिडक्या उघडून अर्धा तास हवा खेळू द्या, पंखा बंद ठेवा. हातावर कापलेलं-खरचटलेलं असेल तर ते काम दुसऱ्या कुणाला सांगा. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या लघवीतून येतात आणि जखमेतून किंवा डोळ्या-नाकातून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने या तापाची मोठी साथ पाहिली आहे. म्हणूनच कोरडा केर काढायचा नाही, व्हॅक्यूमही फिरवायचा नाही. उंदीर, आजूबाजूच्या लेंड्या आणि ओले डाग ब्लीचच्या पाण्याने चिंब करा आणि निदान पाच मिनिटं थांबा. गार पडलेलं शरीर सोडून पिसवा दुसरं अंग शोधायला निघतात. त्यांच्यासाठीही हे आधी भिजवणं महत्त्वाचं.

मग हातमोज्यावर पिशवी उलटी चढवा, तिच्यातूनच उंदीर पकडा आणि पिशवी सुलट करून गाठ मारा. ती वर्तमानपत्रात गुंडाळून दुसऱ्या पिशवीत घाला. लेंड्या आणि वापरलेली फडकीही त्यातच. जागा पुन्हा ब्लीचने पुसा. हातमोजे हातात असतानाच साबणाने धुवा, मग काढा आणि उघडे हात पुन्हा धुवा.

इथे आपलं काम संपलं असं वाटतं, पण ती पिशवी पुढे कुणाच्या तरी हातात जाणार आहे. घंटागाडीवरची ताई किंवा दादा कचरा हाताने वेगळा करतात आणि पुष्कळदा त्यांच्या हातात मोजे नसतात. त्यामुळे ही पिशवी ओल्या कचऱ्यात टाकायची नाही, सोसायटीच्या खतखड्ड्यात तर नाहीच. तिच्यावर लाल मार्करने मोठी फुली काढा, गाडी येईपर्यंत झाकणाच्या डब्यात ठेवा आणि देताना तोंडाने सांगा, “यात मेलेला उंदीर आहे, उघडू नका.” एवढं सांगायला आपण लाजायचं काही कारण नाही, न सांगणं मात्र मला अक्षम्य वाटतं. गावाकडे अंगण असेल तर विहिरीपासून लांब, दोन फूट खोल खड्डा करून कागदात गुंडाळलेला उंदीर पुरा. प्लास्टिक मातीत जाऊ देऊ नका. वर माती घट्ट दाबून दगड ठेवा, नाहीतर रात्री कुत्री उकरतात.

औषध खाऊन मेलेला उंदीर रस्त्यावर किंवा उकिरड्यावर टाकला तर तो मांजर, घार किंवा गव्हाणी घुबड खातं, आणि ते विष त्यांनाही बाधू शकतं. उंदीर खाऊन शेत राखणारं घुबड असं गमावणं फार महागात पडतं. घरात उरलेलं औषधही शोधून उचला. ती काळसर झिंक फॉस्फाइडची पूड असेल तर तिच्यावर पाणी ओतू नका, कारण ओल लागली की विषारी वायू सुटतो. हातमोजे घालून ती कोरडीच वेगळ्या पिशवीत बांधा.

उंदीर गच्चीवरच्या टाकीत सापडला तर आधी व्हॉल्व्ह बंद करा आणि सगळ्या मजल्यांना कळवा. टाकी पूर्ण उपसून, घासून, ब्लीचने धुतल्याशिवाय ते पाणी कुणाच्याही स्वयंपाकघरात जाऊ नये.

औषध घातलेलं नसताना घरात किंवा गल्लीत एकापाठोपाठ बरेच उंदीर मरून पडले, तर एकालाही हात न लावता आरोग्य केंद्राला फोन करा. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगच्या आधी असेच उंदीर पडले होते.

पुढच्या महिनाभरात ताप, पोटऱ्यांत ठणका किंवा डोळ्यांत लाली आली तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना उंदराची गोष्ट आपणहून सांगा, त्यांनी विचारायची वाट पाहू नका.