जैसलमेरात डीलर मीट ठेवताय? बेळगावातनं निघायच्या आधी हे वाचा

यंदाच्या डीलर मीटला, म्हणजे कंपनीच्या विक्रेत्यांच्या मेळाव्याला, गोवा नको, काहीतरी वेगळं पाहिजे म्हणून आपल्या उद्यमबागेतले कारखानेवाले दोघं-तिघं मला जैसलमेरचं विचारायलेत, तर एकदाच सगळं लिहून टाकतो. आम्ही बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर मिळून सत्तरेक माणसं घेऊन गेलेलो. जे चुकलं ते जास्त लिहितोय, कारण बरोबर असलेलं हॉटेलवाले फोटोत दाखवतातच की.

वाळवंटात कसली मीटिंग म्हणून आमचे शेठजी पण आधी हसले. खरं जीएसटी कौन्सिलची ५५वी बैठक तिथंच झाली, २१ डिसेंबर २०२४ ला, सगळ्या राज्यांचे मंत्री-अधिकारी येऊन गेले. तीच ती, पॉपकॉर्नच्या टॅक्सवरनं सगळ्या देशानं जोक केले ती. तेवढं सगळं ज्या गावानं पेललं त्याला आपले सत्तर डीलर काय जड नाहीत.

पहिलं ठरवायचं ते तारीख. ऑक्टोबर संपता-संपता ते फेब्रुवारी, बस. मे-जूनमधी ४५ च्या पुढं जातंय, स्वस्त मिळतंय म्हणून त्या नादाला लागू नका. डिसेंबरात सुवर्णसौधमधी कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन लागलं की बेळगावात खोलीची काय बोंब असते ते माहितीच आहे, तिथं तसं २० डिसेंबर ते जानेवारीचा पहिला आठवडा असतंय, टुरिस्टमुळं. माघ पौर्णिमेच्या आसपास त्यांचा डेझर्ट फेस्टिव्हल असतो, तेव्हापण तेच. नोव्हेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा मला सगळ्यात बरा वाटतो, खरं दिवाळी कधी आलीय ते बघून घ्या.

जायचं कसं? आपल्या स्टेशनावरनं जोधपूरची गाडी आहे, निपाणी-बेळगावचे मारवाडी दुकानदार गावाकडं जातात तीच, खरं ती रोजची नाही आणि एक रात्र पुरी गाडीत जाते. तरणी पोरं असतील तर मजा आहे, साठीच्या डीलरला नको. विमानानं जोधपूर गाठलं तरी पुढं रस्त्यानं २८० किलोमीटरच्या आसपास आहे, पाच तास धरा. जैसलमेरला विमानतळ आहे, खरं विमानं मुख्यतः थंडीच्या सीझनला, म्हणून तिकिटं बघितल्याशिवाय तारीख छापू नका. आणि पोचायच्या दिवशी संध्याकाळी प्रेझेंटेशन ठेवू नका हो, आम्ही ठेवलेलं, अर्धे लोक खुर्चीत घोरत होते.

हॉटेल किल्ल्यात घेऊ नका. किल्ला बघायला एक नंबर, रावळ जैसलनं ११५६ मधी बसवलेला, आजपण आत लोक राहतात, दुकानं-मंदिरं सगळं चालू. खरं बोळ अरुंद, बस खालीच थांबणार, सत्तर माणसांच्या ट्रॉलीबॅगा कोण ओढणार? शिवाय आतल्या सांडपाण्यानं पाया भिजून किल्ल्याला धोका झालाय, तिथं आपण आणि सत्तर बाथरूम कशाला वाढवायची. गावाबाहेर आणि सम गावच्या (वाळूच्या टेकड्या आहेत ते) रोडला मोठी हॉटेलं आहेत, हॉलवाली. हॉलमधी खांब आहेत का, गोल टेबलं टाकल्यावर किती बसतात, जनरेटर सगळ्या एसीला पुरतो का, हे व्हिडिओ कॉलवर फिरवून बघा, नुसतं ‘हो जायेगा सर’ वर जाऊ नका.

आता मेन गोष्ट. मीटिंग हॉलमधीच करायची, वाळूवर फक्त संध्याकाळ. आम्ही शहाणपणा करून बक्षीस समारंभ समच्या टेकड्यांवर ठेवला, प्रोजेक्टर लावून. वारा सुटला, पडदा शिडासारखा फुगला, मायकमधनं नुसतं फर्रफर्र, समई तर पाच वेळा लावली शेवटी तशीच ठेवली. म्हणून उघड्यावर काय करायचंच असेल तर एलईडी वॉल, मायकला फोमची टोपी, लॅपटॉप झाकलेला आणि बॅनरच्या बांबूला वाळूची पोती बांधलेली. स्पीकर रात्री दहाला बंद होणार, तो कायदा तिथंपण आहेच, वाळूवरच्या तंबूंचा कॅम्पवाला काय पण सांगू दे.

टायमिंग नीट बसवा. डिसेंबरात तिथं सूर्य सव्वासाताच्या पुढं उगवतो, आपल्यापेक्षा अर्धा तास उशीर, म्हणून सातचा नाष्टा म्हणजे अंधारात. आणि मावळतो सहाच्या आत. सम शहरापासून ४० किलोमीटर, बस साडेतीनला हललीच पाहिजे, नाहीतर सूर्यास्त बसच्या काचेतनं बघायला लागेल. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, माणूस पुढं झुकतो, तेव्हा मागं रेलून बसायचं हे आधीच सांगा, आमच्या चिकोडीच्या एका काकांचा चष्मा तिथंच गेला.

जेवण. आपल्या भागातनं नेताय म्हणजे जैन डीलर असणारच, बोरगाव-चिकोडीकडचे तर हमखास, आणि गाला डिनर सुरूच होतो सूर्य बुडाल्यावर. त्यांचं ताट पाचला वेगळं लावायला सांगा, कांदा-लसूण-बटाटा नको हे लिहून द्या. आम्ही विसरलो, चार माणसं सुकामेव्यावर झोपली, मला आजपण लाज वाटते. बाकी दाल-बाटी, केर-सांगरी, गट्टे पहिल्या दिवशी झकास, दुसऱ्या रात्री सगळे भात-आमटी शोधतात. तेवढा भात ठेवा.

पाण्याच्या बाटल्या डबल धरा. थंडीत तहान लागत नाही, हवा कोरडी, ओठ फुटतात, डोकं दुखतं. आपल्या टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली ना, तसं तिथला गडीसर तलाव म्हणजे एकेकाळी सगळ्या गावाचं पाणी, सकाळच्या सेशनआधी डीलरना तिथं फिरवून आणा, फुकटात होतंय. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, कार्यक्रमपत्रिकेवरच ‘स्वेटर आणा’ छापा.

डीजे नको. मांगणियार आणि लंगा गवय्ये बोलवा, कमायचा, खडताल, मोरचंग ही त्यांची वाद्यं ऐकून आमचे भजनीमंडळवाले उठून पुढं जाऊन बसले. कालबेलिया नाच तर २०१० पासनं युनेस्कोच्या यादीत आहे. त्यांचं मानधन कॅम्पच्या बिलात मिसळू देऊ नका, हातात द्या.

ड्रोन नको, बॉर्डरचा जिल्हा आहे. विदेशी पाहुणा असेल तर पश्चिमेकडच्या भागाला परवाना लागतो, आधी चौकशी करा.

आणि बिलाचं सीएला आत्ताच विचारा. खोल्या डायरेक्ट घेतल्या तर हॉटेल राजस्थानचा सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि त्या राज्याचा वाटा) लावणार, कर्नाटकातल्या कंपनीला त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो आपल्या टॅक्समधनं वजा होत नाही. सगळा इव्हेंट राजस्थानच्या एका ऑर्गनायझरकडनं तुमच्या जीएसटी नंबरवर घेतला तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा) लागतो, तो वजा करता येतो. आमच्या सीएनं हे परत आल्यावर सांगितलं, कुंदा खात-खात.