खेडं, गावाची वेस की उपनगर? मोकळ्या हवेचं वेड असणाऱ्यांनी घर कसं निवडावं

भटकंतीची आवड असलेला माणूस घर शोधायला निघाला की आधी सुट्टीचा दिवस डोळ्यांपुढे आणतो. शनिवारी पहाटे निघून कुठवर पोहोचता येईल, कुठला कडा जवळ पडेल, कुठल्या तळ्यात कयाक सोडता येईल, असा सगळा विचार चालतो. मला हा क्रमच उलटा वाटतो. सुट्टीच्या दिवशी आपण दोन-दोन तासांचा प्रवासही हौसेने करतो. खरी परीक्षा मंगळवारची असते. काम संपलेलं असतं, उजेड जेमतेम दीड तास उरलेला असतो आणि अंगात थोडा आळसही असतो. अशा वेळी पाय घराबाहेर पडतील की नाही, हे बऱ्याच अंशी घराची जागा ठरवते. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या मंगळवार समोर ठेवून लिहिल्या आहेत.

पायरी १: गेल्या वर्षभरात खरोखर काय केलं, ते लिहून काढा

काय करायला आवडेल ते नको, काय केलं ते लिहा. धावणं, सायकल, पक्षीनिरीक्षण, प्रस्तरारोहण, पोहणं, आकाशदर्शन, बागकाम अशा प्रत्येक गोष्टीपुढे ती आठवड्याला होते, महिन्याला होते की वर्षातून एकदा, हे नोंदवा. घर आठवड्याच्या गोष्टींसाठी निवडायचं. वर्षातून एकदा होणाऱ्या मोहिमेसाठी कुठूनही निघता येतं.

मग प्रत्येक छंदाला नेमकं काय लागतं ते पाहा. धावणाऱ्याला सुरक्षित वाट पुरते. प्रस्तरारोहण करणाऱ्याला कातळाइतकाच दोर सांभाळणारा जोडीदार लागतो, आणि असे जोडीदार वस्ती दाट असते तिथे जास्त भेटतात. कड्याखाली घर घेऊन जोडीदाराविना बसण्यापेक्षा उपनगरात राहून चौघांनी मिळून आठवड्याला कडा गाठणं केव्हाही चांगलं.

आकाशदर्शनाचं गणित मात्र वेगळं आहे, तिथे खेड्याला तोड नाही. जॉन बॉर्टल या हौशी खगोलनिरीक्षकाने २००१ मध्ये रात्रीच्या अंधाराची ९ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. तिच्यात ग्रामीण आकाश तिसऱ्या, ग्रामीण आणि उपनगरी यांच्या मधलं आकाश चौथ्या, तर उपनगरी आकाश पाचव्या पायरीवर येतं. तिसऱ्या पायरीवर आकाशगंगेतले गडद पट्टेसुद्धा उठून दिसतात. पाचव्या पायरीवर ती डोक्यावर फिकट जाणवते आणि क्षितिजाकडे विरून जाते. दुर्बीण दर आठवड्याला बाहेर काढणाऱ्यासाठी दोन पायऱ्यांचा हा फरक फार मोठा आहे.

पायरी २: दारापासून पहिल्या पायवाटेपर्यंतचं अंतर मोजा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा आजही कामाला येतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा, घरापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत ३ किलोमीटरची वाट आहे आणि चढ २०० मीटरचा आहे. जाऊन-येऊन ६ किलोमीटरला ७२ मिनिटं, चढाईची २० मिनिटं, एकूण ९२ मिनिटं. म्हणजे मंगळवारच्या दीड तासात ही टेकडी जवळपास बसते.

आता हीच टेकडी गाडीने २५ मिनिटांवर आहे असं धरा. आठवड्यातून तीनदा गेलात, तर अडीच तास गाडीत जातात. वर्षातले ५० आठवडे धरले, तर १२५ तास होतात. प्रत्यक्षात ते १२५ तास खर्च होत नाहीत, कारण महिन्याभरातच माणूस आठवड्यातून तीनदा जायचं बंद करतो.

आणि इथेच खेड्याबद्दलचा एक मोठा गैरसमज समोर येतो. चहूकडे हिरवं दिसतं म्हणजे चहूकडे फिरता येतं, असं नसतं. त्या हिरव्यातलं बरंचसं कुणाचं तरी शेत असतं, कुंपण असतं, राखणीचा कुत्रा असतो. स्वीडन, नॉर्वे, फिनलंडमध्ये दुसऱ्याच्या मोकळ्या जमिनीवरून पायी जाण्याचा हक्क सर्वांना आहे. स्कॉटलंडने तो २००३ च्या कायद्याने दिला. याउलट अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये ९० टक्क्यांहून जास्त जमीन खासगी आहे. तिथे चारही बाजूंनी माळरान असलेल्या घरातल्या माणसालाही फिरायला गाडी काढून सार्वजनिक उद्यान गाठावं लागू शकतं. तेव्हा जागा बघायला जाल तेव्हा खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यावर भाळू नका. दारातून बाहेर पडा आणि अर्धा तास चालत सुटा. कुठे अडवलं जातं, कुठे वाट संपते, कुठे भरधाव रस्त्याच्या कडेने जीव मुठीत धरून चालावं लागतं, हे त्या अर्ध्या तासात कळतं. अरुंद ग्रामीण रस्ते वेगवान वाहनांमुळे पायी चालणाऱ्याला उपनगरी रस्त्यांपेक्षा जास्त धोक्याचे असू शकतात, कारण तिथे ना पदपथ असतो, ना दिवे.

पायरी ३: ऊन, उजेड आणि आवाज तपासा

विषुववृत्ताच्या जवळ दिवसाची लांबी वर्षभर साधारण सारखी राहते. उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकाल तसं चित्र बदलतं. लंडनमध्ये जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, तर डिसेंबरच्या उत्तरार्धात दुपारी चारच्या आसपासच. अशा ठिकाणी हिवाळ्यातल्या मंगळवारी दिवे असलेली उपनगरी वाट गावातल्या सुंदर पायवाटेपेक्षा जास्त वापरली जाते.

दरीतलं घर घेत असाल तर डोंगराची सावली किती वेळ पडते ते विचारा. नॉर्वेतलं र्‍युकान हे गाव अशा खोल दरीत आहे की तिथे सप्टेंबर ते मार्च ऊनच पोहोचत नाही. शेवटी २०१३ मध्ये डोंगरावर मोठे आरसे बसवून चौकात ऊन पाडावं लागलं. तुमची दरी इतकी टोकाची नसेल, पण रात्री थंड हवा उतारावरून खाली वाहत येऊन तळाशी साचते. त्यामुळे दरीच्या तळाशी धुकं आणि दहिवर वरच्या उतारापेक्षा जास्त.

शांततेची खात्री पत्ता बघून होत नाही. वाहत्या महामार्गाचा आवाज अंतर दुप्पट झालं तरी साधारण ३ डेसिबलनेच कमी होतो, आणि रात्री जमिनीलगत थंड, वर उबदार हवा असली की तो वाकून आणखी लांबवर ऐकू येतो. म्हणून जागा एकदा रात्री जाऊन ऐका. दुपारच्या भेटीत हे कळणार नाही.

पायरी ४: घर तुमचा किती वेळ खाईल, ते धरा

मोठी मोकळी जागा स्वतःचं काम घेऊन येते. गवत कापायचं, पडलेली फांदी उचलायची, पाण्याचा पंप दुरुस्त करायचा, रस्ता खचला तर भरायचा. ज्याला हेच काम आवडतं त्याच्यासाठी खेड्यासारखं सुख नाही. पण ज्याला डोंगर चढायचेत, त्याचे शनिवार या कामांत जातात. कितीतरी उत्साही माणसं गावाकडे जाऊन आधीपेक्षा कमी भटकतात, त्याचं कारण मला हेच दिसतं.

सोबत काही कोरड्या पण आवश्यक गोष्टी. विहीर किंवा बोअरवेल असेल तर पाणी वर्षातून एकदा तपासून घ्यावं लागतं. सेप्टिक टँक साधारण ३ ते ५ वर्षांनी उपसावा लागतो. मोबाइलची रेंज घराच्या आतल्या खोलीत उभं राहून बघा. रुग्णवाहिकेला यायला किती वेळ लागतो, हे स्थानिक माणसाला स्पष्ट विचारा. हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं आणि विजेचा झटका यांपैकी काहीच मिळालं नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. घरात वयस्क माणूस असेल, तर रुग्णवाहिकेला लागणारा वेळ टेकडीच्या अंतरापेक्षा जास्त महत्त्वाचा माना. दुर्गम जागीच राहायचं असेल, तर घरातल्या प्रत्येकाने प्रथमोपचार शिकून घ्यावेत.

पायरी ५: गावाच्या वेशीवरची जागा घेताना पुढची दहा वर्षं बघा

शहर तासाभरात, शेत दोन मिनिटांत, असा हा निमग्रामीण भाग बहुतेकांना मधला मार्ग म्हणून आवडतो, आणि मलाही तो बऱ्याच कुटुंबांसाठी योग्य वाटतो. पण तिन्हींपैकी सगळ्यात लवकर बदलणारा भागही हाच. घरामागचं माळरान अजून बांधायचं राहिलंय की कायद्याने राखलेलं आहे, हा फरक नीट समजून घ्या. इबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ मध्ये शहर आणि खेडं यांचे गुण एकत्र आणणाऱ्या उद्यान-नगराची कल्पना मांडली, तेव्हा भोवतालचा शेतीचा पट्टा कायमचा राखणं हा तिचा गाभाच होता. तो पट्टा नुसता मोकळा सोडला, तर पुढे घरांनी भरून जाईल, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून स्थानिक विकास आराखडा मागवा आणि घराभोवतीच्या प्रत्येक मोकळ्या तुकड्यावर पुढे काय होणार आहे ते बघा. राखीव जंगल, नदीकाठची पूररेषा, जलाशयाचं क्षेत्र यांना लागून असलेली जागा त्यातल्या त्यात भरवशाची. पूररेषेच्या आत मात्र घर नको.

उपनगराबद्दल थोडक्यात, पण मनापासून: त्याला कमी लेखू नका. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. हा वेळ एकदम घालवला की तुकड्यांत, याने फरक पडला नाही. नदीकाठची वाट किंवा मोठं झाडीचं उद्यान चालत गाठता येत असेल, तर १२० मिनिटं उपनगरातही सहज होतात.

पायरी ६: वाईट ऋतूत भाड्याने राहा

घर घेण्याआधी त्याच भागात महिनाभर भाड्याने राहा, आणि तेही तिथल्या सगळ्यात अवघड महिन्यात. धो-धो पाऊस, कडाक्याची थंडी किंवा रखरखीत उन्हाळा, जो काही असेल तो. नोकरी, शाळा, बाजार सगळं नेहमीसारखं चालू ठेवा, कारण सुट्टी काढून राहिलात तर पुन्हा सहलीचाच अनुभव येईल. रोज रात्री दोनच गोष्टी लिहा: आज घरातून पायी किंवा सायकलने किती वेळ बाहेर होतो, आणि गाडीत किती वेळ बसलो. घरातल्या प्रत्येकाची वेगळी नोंद ठेवा. भटकंतीची आवड एकट्यालाच असेल, तर बाकीच्यांचे गाडीतले तास आधी वाचा. मुलांना मित्राकडे एकट्याने जाता येतं की दरवेळी कुणीतरी सोडावं लागतं, तेही त्यातच दिसेल. दोन जागांमध्ये अडलात, तर दोन्हीकडे असा महिना काढा आणि मंगळवार ते गुरुवारच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवा. शनिवार-रविवारच्या नोंदी बाजूला ठेवल्या तरी चालतील.